कंपोस्टेबल प्लास्टिक आणताय? आधी ते टाकणार कुठे ते ठरवा

कंपोस्टेबल, म्हणजे कंपोस्ट खताच्या ढिगात कुजून जाणाऱ्या, पिशव्या आणि कप वापरायला घेतले, नेमाने ओल्या कचऱ्यात टाकले, आणि सहा महिन्यांनी खत चाळताना ते जसेच्या तसे बाहेर आले. ही तक्रार इतक्या वेळा कानावर येते की ती आता नवी राहिलेली नाही. अशा वेळी सगळा राग मालावर निघतो. मालात खोट असते कधीकधी, पण बहुतेक ठिकाणी क्रम चुकलेला असतो: आधी खरेदी होते, मग वापर, आणि टाकायची वेळ आली की शोधाशोध सुरू. इथे क्रम उलटा ठेवला आहे. कार्यालय, वसतिगृह, उपाहारगृह, गृहसंकुल, एखादा मोठा कार्यक्रम, कुठेही तो तसाच चालतो. फक्त घरापुरतं बघणाऱ्यांनी टप्पा १, ३ आणि ५ नीट वाचले तरी पुरेसं आहे.

सुरुवातीला हाताशी ठेवायच्या वस्तू: लांब दांड्याचा कंपोस्ट थर्मामीटर, २ मिलिमीटर भोकांची चाळणी, नायलॉनच्या जाळीचं कापड, वजनकाटा आणि एक नोंदवही. वहीचा कंटाळा करू नका. तीन महिन्यांनी होणारा वाद तीच मिटवते.

## टप्पा १: कचरा शेवटी कुठे जातो ते शोधा

आपला ओला कचरा कुठे जातो हे ज्याला त्याला माहीत असल्यासारखं वाटतं. विचारायला गेलं की दोघांची दोन उत्तरं येतात. तेव्हा उचलणाऱ्याला विचारा, जमलं तर प्रत्यक्ष जागेवर जा. उत्तर साधारणपणे पुढच्यापैकी एक असेल.

मोठा कंपोस्ट प्रकल्प. इथे ढिगाचं तापमान काही आठवडे ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास टिकतं. बाजारातला बहुतेक कंपोस्टेबल माल याच परिस्थितीसाठी बनलेला असतो. तरी प्रकल्पवाल्यांना थेट विचारा: 'तुम्ही असा माल घेता का, की दिसला की वेचून बाहेर काढता?' बरेच प्रकल्प तो काढून टाकतात, कारण चालत्या पट्ट्यावर कंपोस्टेबल पिशवी आणि साधी पिशवी डोळ्यांनी वेगळी ओळखता येत नाही.

घरचा किंवा आवारातला लहान कंपोस्ट. तापमान बहुधा २० ते ३५ अंशांत. इथे पीएलएचा (मका, ऊस अशा पिकांच्या साखरेपासून बनणाऱ्या कंपोस्टेबल प्लास्टिकचा) कप वर्षानुवर्षं तसाच पडून राहू शकतो. घरगुती कंपोस्टसाठी वेगळं प्रमाणित केलेला मालच चालेल.

गांडूळखत. साधारण ३५ अंशांच्या वर गांडुळं तग धरत नाहीत, आणि पीएलएला त्याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. दोघांचं जमत नाही. टाकू नका.

बायोगॅस. ३५ ते ३७ अंशांवर चालणाऱ्या टाकीत पीएलए जवळजवळ हलतच नाही, आणि पिशव्या ढवळणाऱ्या पात्यांभोवती गुंडाळल्या जातात. चालकाने स्पष्ट होकार दिल्याशिवाय पाठवू नका.

कचराभूमी. तिथे हवा नसते. स्टार्च किंवा पीएचए (सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेलं प्लास्टिक) यांसारखे पदार्थ कुजले तर मिथेन तयार होतो, आणि पीएलए बराच काळ तसाच राहतो. म्हणजे कंपोस्टेबल माल घेऊन तुमच्या पदरात काहीच पडत नाही.

> थांबा आणि तपासा: उत्तर 'कचराभूमी' किंवा 'माहीत नाही' असेल तर खरेदी इथेच थांबवा. धुऊन पुन्हा वापरायची भांडी, किंवा ज्याचं रिसायकलिंग खरोखर होतं असं साधं प्लास्टिक, हे अशा ठिकाणी जास्त प्रामाणिक पर्याय आहेत.

## टप्पा २: कोणती वस्तू बदलायची ते निवडा

एका झटक्यात सगळं बदलायला जाऊ नका. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न लावा: ही अन्नाला चिकटूनच ओल्या कचऱ्यात जाणार आहे का?

उत्तर 'हो' असेल तर ती वस्तू बदलण्याजोगी. ओल्या कचऱ्याच्या डब्यातली अस्तराची पिशवी, फळांवरची चिकटपट्टी, चहाची पुडी, खरकट्याने माखणारे चमचे आणि ताटल्या या गटात येतात. शेतात जमिनीवर अंथरायची आच्छादन फिल्मही यात धरता येईल, कारण ती मातीतून गोळा करणं फार किचकट असतं. मात्र तिला मातीत विघटन होण्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. युरोपचं ईएन १७०३३ हे मानक त्यासाठी मातीत दोन वर्षांत ९० टक्के विघटन मागतं. कंपोस्टचं प्रमाणपत्र मातीसाठी पुरत नाही, ही गोष्ट फिल्म घेताना सर्रास निसटते.

पाण्याच्या बाटल्या, कोरडं पॅकिंग, वर्षानुवर्षं वापरायचे डबे मात्र बदलू नका. पीएलएची बाटली पेटच्या, म्हणजे पाण्याच्या नेहमीच्या प्लास्टिकच्या, बाटल्यांत मिसळली की रिसायकलिंगचा माल बिघडतो. पेट सुमारे २५० अंशांना वितळतं, पीएलए १५० ते १८० अंशांना. एकाच भट्टीत दोन्ही गेले की नवा माल धुरकट आणि कमजोर होतो.

माझं मत विचाराल तर ओल्या कचऱ्याच्या अस्तराच्या पिशवीपासून सुरुवात करा. कप आणि स्ट्रॉ लोकांच्या नजरेत भरतात म्हणून आधी बदलले जातात, पण ओला कचरा वेगळा जमा होण्यासाठी खरी मदत पिशवीचीच होते.

## टप्पा ३: लेबल आणि प्रमाणपत्र वाचा

सर्वांत जास्त फसवणूक या टप्प्यावर होते, म्हणून इथे घाई नको.

'बायो' लिहिलं म्हणजे कुजणारच, असं नाही. उसापासून बनवलेलं पॉलिथिन वनस्पतीजन्य असतं, पण कुजण्याच्या बाबतीत ते साध्या पॉलिथिनहून रेसभरही वेगळं नाही. याच्या उलट पीबीएटी (कंपोस्टेबल पिशव्यांत वापरलं जाणारं लवचिक प्लास्टिक) बहुतांशी खनिज तेलापासून बनतं आणि तरीही कंपोस्टमध्ये कुजतं. कच्चा माल कुठून आला आणि शेवटी काय होणार, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

'ऑक्सो-डिग्रेडेबल' किंवा 'ऑक्सो-बायो' असं काही दिसलं की माल परत करा. हे साधंच पॉलिथिन असतं; त्यात उन्हाने आणि उष्णतेने तुकडे पडावेत म्हणून रसायन घातलेलं असतं. तुकडे पडतात आणि प्लास्टिक बारीक होऊन मागे उरतं. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने अशा वस्तू बंद केल्या आणि जुलै २०२१ पासून त्या बंदीची अंमलबजावणी सुरू झाली.

नुसतं 'बायोडिग्रेडेबल' लिहिलं असेल तर लगेच विचारा: कुठे, किती दिवसांत, कोणत्या तापमानाला? यांची उत्तरं नसतील तर त्या शब्दाला काही किंमत नाही.

पुरवठादाराकडून प्रमाणपत्राची प्रत मागवा आणि पुढच्या गोष्टी पाहा.

१. मानकाचं नाव. औद्योगिक कंपोस्टसाठी आयएसओ १७०८८, ईएन १३४३२ किंवा एएसटीएम डी६४०० यांपैकी एक हवं. या परीक्षा सुमारे ५८ अंशांवर होतात. सहा महिन्यांच्या आत ९० टक्के विघटन व्हावं लागतं, आणि १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त उरून चालत नाही. जड धातूंची मर्यादा आणि तयार खतात बी नीट उगवतं का याची चाचणीही त्यात असते.

२. घरगुती कंपोस्टचं प्रमाणपत्र वेगळं असतं. ते २० ते ३० अंशांवर, १२ महिन्यांच्या मुदतीत तपासलं जातं. प्रतीवर 'होम' किंवा 'घरगुती' असं स्पष्ट नसेल तर ते औद्योगिकच समजा.

३. जाडी. प्रमाणपत्र ठरावीक कमाल जाडीपुरतंच असतं. ५० मायक्रॉनला पास झालेला पदार्थ २०० मायक्रॉनलाही तितक्याच वेळात कुजेल असं धरता येत नाही. हातातल्या मालाची जाडी त्या मर्यादेत आहे ना, ते पाहा.

४. शाई, डिंक आणि थर. पिशवी प्रमाणित, पण वरची छपाई दुसरीकडून करून घेतलेली, असं होतं. तयार वस्तूचं प्रमाणपत्र मागा. नुसत्या कच्च्या दाण्याचं चालणार नाही.

५. प्रमाणपत्राचा क्रमांक आणि मुदत. देणाऱ्या संस्थेच्या यादीत तो क्रमांक स्वतः शोधा. इतरांनी शोधून पाठवलेलं चित्र ग्राह्य धरू नका.

> कागदी कपाची चूक: कप कागदी आहे म्हणून तो कंपोस्टमध्ये टाकला जातो. पण बहुतेक कागदी कपांना आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो. कागद कुजतो, थर खतात राहतो. कागद आणि लगदा यांच्या वस्तूंनाही हेच पाचही प्रश्न विचारा.

## टप्पा ४: नमुना हातात घेऊन प्राथमिक चाचणी

तरंगण्याची चाचणी. वस्तूचा नखाएवढा तुकडा कापा. पाण्यात थेंबभर भांडी धुण्याचा साबण घाला, म्हणजे बुडबुडे चिकटणार नाहीत. तुकडा बोटाने पूर्ण बुडवून सोडा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असतात, त्यामुळे ते वर येतात. पीएलए, पीबीएटी आणि पीएचए यांची घनता साधारण १.२ ते १.२५, म्हणून ते बुडतात. जो तुकडा तरंगला तो मुख्यतः कंपोस्टेबल पदार्थाचा नाही, हे जवळपास नक्की. फेसाळ वस्तू इथे बाद, कारण आतल्या हवेमुळे काहीही तरंगतं.

उलट अर्थ मात्र काढू नका. बुडाला म्हणजे खरा, असं नाही. पेट बुडतं, पीव्हीसी बुडतं, आणि खडूची भुकटी भरलेलं साधं पॉलिथिनही बुडू शकतं. ही चाचणी खोटा माल पकडते. खऱ्या मालाची हमी देत नाही.

गरम पाण्याची चाचणी. कपात ७० ते ८० अंशांचं पाणी ओता. साधा पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ पडतो, त्यामुळे कप वाकडा होतो. गरम पदार्थांसाठी घेणार असाल तर उष्णता सहन करणारा, स्फटिकी केलेला प्रकार मागा.

जाळून वास घेऊन ओळखण्याची पद्धत सांगणारे खूप भेटतील. ती करू नका. धूर विषारी असतो, आणि मिश्र पदार्थाच्या वासावरून काहीही ठरवता येत नाही.

## टप्पा ५: आपल्याच ढिगात तुकडे पुरून पाहा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि नेमकं याच टप्प्यावर खरं उत्तर मिळतं. प्रयोगशाळेतल्या ५८ अंशांना काय होतं ते प्रमाणपत्र सांगतं. तुमच्या ढिगात काय होतं, ते तुमचा ढीगच सांगेल.

आधी ढीग नीट हवा. साधारण एक घनमीटरपेक्षा लहान ढीग आतून पुरेसा तापत नाही आणि तापला तरी उष्णता टिकवत नाही. ओल्या अन्नकचऱ्याबरोबर कोरडा पाला, लाकडाचा भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा घाला. कार्बन आणि नायट्रोजन यांचं प्रमाण २५ ते ३० ला १ असावं. अंदाजासाठी, ओल्या कचऱ्याच्या आकारमानाइतका किंवा त्याहून थोडा जास्त कोरडा माल घेऊन सुरुवात करा आणि ढिगाकडे बघून कमीजास्त करा. ओलाव्यासाठी मूठभर माल घट्ट दाबा: बोटांच्या फटींत एखाद-दोन थेंब दिसले तर ठीक, धार लागली तर कोरडा माल वाढवा, हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडा.

आता तुकडे. प्रत्येक वस्तूचे ५ सेंटिमीटरचे दहा चौकोन कापा, वजन करा, नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत थोड्या कंपोस्टसह भरा. जाळी सुती घेऊ नका. ती स्वतःच कुजेल आणि तुकडे हरवतील. शेजारी आणखी दोन पिशव्या पुरा: एकीत साधा, न छापलेला कागद, दुसरीत साध्या पॉलिथिनचे तुकडे. सगळ्यांना रंगीत नायलॉन दोरी बांधून टोक बाहेर ठेवा आणि ढिगाच्या मध्यभागी, एकाच खोलीवर पुरा.

कागदाच्या आणि पॉलिथिनच्या पिशव्या म्हणजे उगाच वाढवलेलं काम वाटतं. पण त्यांच्याशिवाय निकाल वाचताच येत नाही. कागद कुजला आणि तुमचा नमुना कुजला नाही, तर नमुना किंवा तापमान तपासायला हवं. कागदही तसाच राहिला, तर ढीगच मेलेला आहे, मालाला दोष देण्यात अर्थ नाही. आणि पॉलिथिनचं वजन 'घटलेलं' दिसलं, तर तुकडे हरवले किंवा वजन करताना गडबड झाली.

आठवड्यातून दोनदा मध्यभागाचं तापमान लिहा. ते ६५ अंशांच्या वर जायला लागलं किंवा झपाट्याने उतरलं, की ढीग पालटा; पालटताना पिशव्या पुन्हा मध्यभागी येतील असं बघा. चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला पिशव्या काढा, हलक्या हाताने धुवा, वाळवा, २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा आणि वर उरलेल्याचं वजन करा.

> निकाल वाचताना: तुकडे दिसेनासे होणं आणि पूर्ण विघटन होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाळणी फक्त पहिली दाखवते. दुसरी मोजायला बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजावा लागतो, तो आपण मोजत नाही. म्हणूनच टप्पा ३ मधलं प्रमाणपत्र आणि ही चाचणी दोन्ही लागतात. एकीवर भागत नाही.

ढीग ५० अंशांच्या वर गेलाच नाही आणि पीएलए तसाच राहिला, तर आश्चर्य वाटायला नको. पीएलएच्या लांब साखळ्या आधी पाणी आणि उष्णता मिळून तोडतात, आणि लहान तुकडे झाल्यावरच सूक्ष्मजीवांना ते खाता येतात. थंड ढिगात पहिली पायरीच अडते. असा निकाल आला तर घरगुती कंपोस्टसाठी प्रमाणित, स्टार्चमिश्रित किंवा पीएचएचा माल घेऊन चाचणी पुन्हा करा, नाहीतर ढीग मोठा करा.

## टप्पा ६: थोडा घ्या, थंड ठेवा

कंपोस्टेबल पिशव्यांना आयुष्य असतं. ओलावा आणि उष्णता मिळाली की गोदामातच त्यांची ताकद उतरायला लागते. वर्षभर पडून राहिलेली पिशवी शिवणीवर फाटते. म्हणून एकदम वर्षाचा साठा नको. तीन-चार महिन्यांपुरता घ्या, खोक्यावर आल्याची तारीख लिहा, जुना आधी वापरा. उन्हातल्या गाडीत किंवा तापणाऱ्या पत्र्याखाली खोकी ठेवू नका. पीएलएचे कप तिथे एकमेकांत चिकटून बसतात.

## टप्पा ७: वापर आणि गोळा करणं

ओल्या कचऱ्याची पिशवी दोन-तीन दिवसांच्या वर डब्यात ठेवू नका, ती खालून ओली होऊन सुटते. डब्याच्या तळाशी जुना कागद घातला तर थोडा वेळ जास्त टिकते. पिशवी डब्याच्या मापाचीच घ्या. लहान पिशवी ओढून बसवली की फाटते, आणि मग एकावर एक दोन लावल्या जातात.

डब्यांवर शब्दांपेक्षा वस्तू चिकटवा. खरा कप, खरा चमचा, खरी पिशवी. 'कंपोस्टेबल इथे टाका' या पाटीखाली लोक बाटल्याही टाकतात. आणि एका जागी एकाच प्रकारचा कप ठेवा. साधा आणि कंपोस्टेबल दोन्ही कप शेजारी ठेवले की कितीही पाट्या लावा, सरमिसळ होणारच.

पहिले दोन आठवडे रोज एक डबा उघडून हाताने निवडा, हातमोजे घालून. चुकीच्या वस्तू कोणत्या येतात ते वहीत लिहा. अनेकदा तिथे एकच वस्तू पुन्हा पुन्हा दिसते, बहुधा कपाचं झाकण किंवा सॉसची पुडी. ती बदलली की निम्मं काम होतं.

## टप्पा ८: ढिगात घालताना आणि चाळताना

पिशव्या गाठ मारलेल्या तशाच ढिगात टाकू नका. आत हवा जात नाही, कचरा आंबतो आणि पिशवी कोरडीच राहते. फाडून पसरा. कप आणि ताटल्यांचे तुकडे करा. एकात एक बसलेले कप तर नक्की सुटे करा, नाहीतर आतल्या कपांना पाणीच लागत नाही. सगळा माल एका थरात न ठेवता अन्नकचऱ्यात विखरून घाला. प्लास्टिकचं प्रमाण ओल्या कचऱ्याच्या मानाने थोडंच असू द्या. त्यात नायट्रोजन नसतो, त्यामुळे ते जास्त झालं की ढीग मंदावतो.

खत चाळताना वर राहिलेले तुकडे फेकून देऊ नका आणि खतातही मिसळू नका. ते पुढच्या ताज्या, तापणाऱ्या ढिगाच्या मध्यभागी घाला. दुसऱ्या फेरीतही तसेच राहिले तर एक तुकडा धुऊन टप्पा ४ मधली तरंगण्याची चाचणी करा. तरंगला तर साधं प्लास्टिक कुठूनतरी आत शिरतंय, आणि शोध डब्यांपाशी घ्यायचा. बुडाला तर वहीतले तापमानाचे आकडे काढा, आणि जाडी प्रमाणपत्राशी पुन्हा ताडून पाहा. दोन्ही ठीक असतील तर तो तुकडा, खरेदीची तारीख आणि टप्पा ५ चे आकडे घेऊन पुरवठादाराला गाठा. पुढची मागणी तोपर्यंत रोखून धरा.